डायलवरचे १८० आणि ओव्हनच्या आतले १८०

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे १९ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा छोटा घरगुती ओव्हन आहे. सात इंची काळ्या नॉनस्टिक टिनमध्ये व्हॅनिला स्पंज १८० वर ४० मिनिटं ठेवतात. विसाव्या मिनिटालाच वरची बाजू गडद तपकिरी होते, मधोमध डोंगर फुगून तडा जातो आणि कापल्यावर आत ओलं निघतं. तीन वेळा असंच झालं. शेजारच्या वहिनींच्या ओव्हनमध्ये मात्र हाच केक छान होतो. 'बेकिंग पावडर कमी करू, की ओव्हनच खराब आहे?' असं त्यांनी विचारलंय.

ताई, बेकिंग पावडरला अजून हात लावू नका. तोच केक शेजारी नीट होतो, म्हणजे तुमचं प्रमाण बरोबर आहे आणि फेटणंही बरोबर आहे. तुमच्या हातात काही दोष आहे, हे आधी मनातून काढून टाका. आणि ओव्हन 'खराब' आहे असंही मी लगेच म्हणणार नाही. मी सांगलीत सतरा वर्षं घरून केकच्या ऑर्डरी घेते, वर्गही घेते, आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी हेच दुखणं घेऊन येतं. विचारायला हवं ते एवढंच: डायलवर १८० असताना तुमच्या ओव्हनच्या आत, टिन ठेवता त्या जागी, खरोखर किती असतं?

बहुतेक घरगुती ओटीजीत दोन धातूंची एक पट्टी असते. तापली की ती वाकते आणि ओव्हन तापवणाऱ्या रॉडचा वीजपुरवठा तोडते. निवली की सरळ होते आणि रॉड पुन्हा लागतो. ही पट्टी असते बटणांच्या बाजूला, भिंतीलगत. म्हणजे तिला कळते ती त्या कोपऱ्यातली उष्णता, केकच्या डोक्यावरची नाही. शिवाय वीज तुटली तरी लाल झालेला रॉड लगेच गार होत नाही, आणखी थोडा वेळ उष्णता देतच राहतो. त्यामुळे ओव्हनचं तापमान कधीच एका आकड्यावर स्थिर नसतं, ते झोपाळ्यासारखं वरखाली होत असतं.

माझ्या पहिल्या ओटीजीच्या नोंदी अजून वहीत आहेत. जाळीवर मधोमध ओव्हन थर्मामीटर ठेवला, डायल १८० वर, आणि काचेतून दर दोन मिनिटांनी आकडा लिहीत बसले. रॉड चालू असल्याचं दाखवणारा दिवा विझला तेव्हा काटा २१५ वर होता. मग उतरत उतरत १८४ वर आला, तेव्हा दिवा पुन्हा लागला, आणि काटा परत २१२ वर. दुसरी फेरी, तिसरी फेरी, तेच. म्हणजे १८० समजून मी दोन वर्षं २०० वर केक भाजत होते. त्या दोन वर्षांत मी रेसिपी किती वेळा बदलली असेल! कधी दही घातलं, कधी एक अंडं वाढवलं, कधी दूध कमी केलं. एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक रात्री अकरा वाजता परत करायला घेतला होता, ती रात्र मला अजून आठवते. म्हणून हे इतकं कळकळीनं लिहितेय.

त्या नोंदींत दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्यांची गल्लत करू नका. एक म्हणजे झोका, १८४ ते २१५. दुसरी म्हणजे फरक, डायल १८० म्हणतो आणि सरासरी २०० येते. झोक्याला फार घाबरायचं कारण नाही. केकच्या बॅटरचा, म्हणजे भाजण्याआधीच्या ओल्या मिश्रणाचा, थर जाड असतो, उष्णता त्यात सावकाश शिरते, त्यामुळे दोन-तीन मिनिटं काटा पंधरा अंश वर गेला की खाली आला हे केकच्या पोटाला जाणवतही नाही. त्याला जाणवते ती सरासरी. नानकटाई, मॅकरोन, मेरँग अशा पातळ किंवा नाजूक गोष्टींना मात्र झोकाही बाधतो. पण केकचं नुकसान करतो तो फरक, कारण तो पूर्ण चाळीस मिनिटं केकच्या डोक्यावर बसलेला असतो.

आता तुमच्या केकला डोंगर का येतो ते बघा. टिन आत गेलं की आधी कडा तापतात, कारण त्या धातूला चिकटून असतात. अंड्यातली प्रथिनं साठ अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतात. मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो; केकमध्ये साखर भरपूर असल्यानं त्याला आणखी वर, ८०-९० अंशांपर्यंत जावं लागतं. ओव्हन बेताचा तापलेला असेल तर कडा आणि मधला भाग यांत फार अंतर पडत नाही, सगळा केक जवळजवळ बरोबरीनं वर येतो आणि सपाट राहतो. ओव्हन जास्त तापलेला असेल तर कडा झटकन आवळतात, वर कवच धरतं, आणि मधलं बॅटर तेव्हाही पातळच असतं. त्या पातळ बॅटरमधला वायू आणि वाफ जाणार कुठे? कडेला वाट बंद, म्हणून मधून वर, कवच फोडून. तडा पडतो तो असा. बेकिंग पावडर जास्त झाली तर केक फुगून नंतर मधे बसतो. तुमचा बसत नाही, तडकतो, म्हणून मी उष्णतेवर बोट ठेवतेय.

आणि आत ओलं का? बाहेर २०० असो की २२०, केकच्या पोटातलं पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या पुढे जात नाही. स्पंज तयार होतो तेव्हा त्याच्या मध्यभागी साधारण ९६ ते ९८ असतं. ओव्हन जास्त तापवल्यानं तिथे पोचायला थोडासाच वेळ वाचतो, पण वरचा रंग मात्र कितीतरी आधी येतो. रंग बघून तुम्ही केक बाहेर काढता, आणि पोट तेव्हा कच्चं असतं. जाडी वाढली की हे आणखी बिघडतं: टिनमधलं बॅटर दुप्पट उंच भरलं तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो. म्हणून मी एक किलोचा केक एकाच टिनमध्ये कधीच करत नाही.

उलट, ओव्हन कमी तापलेला असेल तर तक्रारी निराळ्या असतात. केक फिकट, जाड छिद्रांचा, मधे खचलेला, आणि जास्त वेळ ठेवावा लागल्यानं कोरडा. हे इथे सांगतेय कारण माझं उत्तर वाचून कुणी डोळे मिटून वीस अंश कमी करू नये. कुणाच्या ओव्हनचा फरक खाली असतो, कुणाचा वर. माझ्या आत्ताच्या ओव्हनचा दहा अंश खाली आहे.

म्हणून मोजा. ओव्हन थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि दोन बिघडलेल्या केकच्या साहित्यात त्याची किंमत वसूल होते. तो जाळीच्या मधोमध ठेवा किंवा टांगा. काचेच्या दाराला चिकटवून ठेवलात तर चुकीचा आकडा मिळेल. डायल १८० वर करून वीस मिनिटं ओव्हन तापू द्या. दिवा दहा मिनिटांत विझतो हे मला माहीत आहे, पण तेव्हा हवा तापलेली असते, भिंती नाहीत. अशा वेळी दार उघडून टिन आत सरकवलं की हवेची उष्णता निघून जाते आणि भिंतींकडे द्यायला काही नसतं. वीस मिनिटांनंतर पुढचा अर्धा तास दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा घेऊन त्यांची सरासरी काढा. ती १८० च्या वर गेली असेल तर डायल तितका मागे घ्या आणि पुन्हा मोजा. खरे १८० जिथे मिळतील तिथे डायलवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. मी माझ्या ओव्हनवर तीन ठिपके दिलेत: १५०, १६५ आणि १८० साठी. तिन्ही मोजूनच दिलेत, कारण १८० ला जेवढा फरक असतो तेवढाच १५० ला असेल असं नाही.

थर्मामीटर यायला वेळ असेल तर साखरेवर अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. नीट प्रीहीट केलेल्या, म्हणजे आधी तापवून घेतलेल्या ओव्हनमध्ये, डायल १८० वर असताना, फॉइलच्या वाटीत चमचाभर दाणेदार साखर मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. दाणे दाणेच राहिले तर ओव्हन फार वर नाही. पाणी पाणी झाली तर आत नक्कीच जास्त आहे. मग नवी वाटी घेऊन डायल १९० वर करा. तिथेही वितळली नाही तर ओव्हन कमी तापतोय. झोका मोठा असेल तर टोकाच्या उष्णतेला काही दाणे वितळतात आणि काही तसेच राहतात, त्यामुळे या परीक्षेतून कल कळतो, नेमका आकडा नाही. वितळलेल्या साखरेला बोट लावू नका, ती उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते, आणि मुलं जवळ असतील तर हे करूच नका.

दुसरी परीक्षा ब्रेडची. जाळीवर ब्रेडच्या स्लाइस शेजारी शेजारी मांडून आठ-दहा मिनिटं भाजा आणि त्याच क्रमानं बाहेर ताटात मांडा. कुठली स्लाइस काळी, कुठली पांढरी, यावरून ओव्हनचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. माझ्याकडे मागचा उजवा कोपरा तापट आहे. म्हणून दोनतृतीयांश वेळ झाली की मी टिन फिरवते. त्याआधी नाही, कारण तोवर केकनं अंग धरलेलं नसतं आणि दार उघडताच बसतो.

ताई, तुमच्या वर्णनात आणखी दोन गोष्टी आहेत. काळं टिन उष्णता जास्त ओढतं. चकचकीत ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्यात कडा लवकर आवळतात, म्हणून काळ्या टिनला मी १५ अंश कमी धरते. वहिनींचं टिन कुठलं आहे ते जरा बघा. आणि १९ लिटरच्या ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर ठेवलेला केक फुगला की वरच्या रॉडला जवळजवळ टेकतो. अशा छोट्या ओव्हनमध्ये मी प्रीहीट दोन्ही रॉडवर करते, केक खालच्या जाळीवर ठेवते आणि पहिली पंचवीस मिनिटं वरचा रॉड बंद ठेवते. रंग हवा असेल तर शेवटी पाच मिनिटं लावते. काही ओव्हनमध्ये यानं केक खालून लागतो. तसं झालं तर टिनखाली दुसरा ट्रे सरकवा.

विजेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तासगावकडच्या एका गावातली माझी विद्यार्थिनी दिवाळीच्या आधी रडवेली होऊन आली. दुपारी केलेली नानकटाई सुरेख, आणि त्याच पिठाची संध्याकाळी केलेली पसरून चपटी. पीठ तेच, तूप तेच, डायल तोच. गावातल्या वायरमनकडून संध्याकाळी सात वाजता घरातला व्होल्टेज मोजून घ्यायला लावला. १८५ निघाला. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २३० वर १५०० वॉट देणारा रॉड १८५ वर ९७० च्या आसपासच देतो, म्हणजे दोनतृतीयांशाहूनही कमी. ओव्हन शेवटी १८० वर पोचतो, पण त्याला दीडपट किंवा अधिक वेळ लागतो. ही मात्र घड्याळ लावून दहा मिनिटांनी ट्रे आत टाकत होती. त्या वेळी आत १४० असेल नसेल. एवढ्या उष्णतेत तूप आधी वितळून वाहतं आणि मैदा नंतर सावकाश घट्ट होतो. मग नानकटाई पसरणार नाही तर काय? मी तिला एवढंच सांगितलं की घड्याळ विसर, थर्मामीटरचा काटा बघ, तो दोनदा वर जाऊन खाली आला की ट्रे आत टाक. त्या दिवाळीत तिनं संध्याकाळीच सगळी नानकटाई केली.

याच ओघात एक सांगते: १५०० वॉटचा ओटीजी साडेसहा अँपियरच्या आसपास वीज ओढतो. तो साध्या छोट्या सॉकेटवर, कन्व्हर्टर लावून चालवू नका. सोळा अँपियरचं सॉकेट हवं. प्लग हाताला गरम लागत असेल तर तो दिवस बेकिंगचा नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावण्याचा आहे.

बेकिंग पावडर कमी करावी लागते ती उंचावर. कराड, सातारा, सांगली यांच्यासाठी त्याचा विचारही करायला नको. पाचगणी-महाबळेश्वरला मात्र करावा लागतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब कमी, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि वायू जास्त फुगतो. म्हणून केक आधी भराभर वर येतो आणि अंग धरायच्या आत खाली बसतो. पाचगणीच्या एका मैत्रिणीला मी बेकिंग पावडर पाव हिश्श्यानं कमी करायला आणि ओव्हन आठ-दहा अंश वाढवायला सांगितलं, तेव्हा तिचा स्ट्रॉबेरीचा केक उभा राहिला. तुम्हाला जो इलाज मनात आला तो खोटा नाही, फक्त तो घाटावर चढल्यावर करायचा आहे.

लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत नानकटाई करून आणायला जायची, आणि मी पत्रे मोजायला बरोबर असायचे. लाकडाची भट्टी. तिला ना डायल, ना आकडा. भट्टीवाले काका आधी पाव भाजून घेत, कारण तेव्हा भट्टी सगळ्यात तापलेली असे. मग वाट बघत. मग आत चिमूटभर मैदा टाकून तो किती वेळात तांबूस होतो ते बघत. लगेच काळा पडला तर आईला म्हणत, 'वहिनी, अजून बसा.' सावकाश सोनेरी झाला की आमचे पत्रे लांब दांड्याच्या फावड्यावरून आत जात. नानकटाईनंतर, उतरत्या आचेवर रात्रभर टोस्ट सुकायला ठेवत. काकांना त्यांच्या भट्टीचा स्वभाव ठाऊक होता आणि कुठला पदार्थ तिच्या कुठल्या वेळेला द्यायचा हेही. आपल्या ओटीजीशी तेवढीच ओळख व्हायला हवी.

एवढं सगळं वाचून गोंधळ होऊ नये म्हणून तुमच्यापुरतं सांगते. रेसिपी आहे तशीच ठेवा. आधी मोजा आणि ठिपका द्या. मग केक खऱ्या १६५ वर, खालच्या जाळीवर, वरचा रॉड बंद ठेवून करा. टिन निम्म्याहून थोडंच जास्त भरा. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडू नका, काचेतूनच बघा. पस्तिसाव्या मिनिटाला टूथपिक मधोमध घाला, कडेला नाही. ओलं बॅटर लागून आलं तर आणखी पाच मिनिटं. एखाद-दुसरा मऊ कण लागला तर झाला. कडा टिनपासून किंचित सुटलेल्या दिसतील आणि बोटानं हलकं दाबलं तर केक परत वर येईल. पन्नास मिनिटं लागली तरी घाबरू नका, रंग सोनेरीच राहील. रंग लवकर आलाच तर तिसाव्या मिनिटानंतर वर फॉइल सैल ठेवा.

या वेळी एवढंच बदला. टिनही नवं, जाळीही वेगळी, तापमानही वेगळं आणि वर बेकिंग पावडरही कमी असं एकदम केलंत, तर केक सुधारला तरी कशानं सुधारला ते कळणार नाही. जाळी, रॉड आणि तापमान मी एकत्र सांगितलं कारण तिन्हींचा परिणाम एकाच जागी, केकच्या डोक्यावर होतो. टिन त्यानंतरच्या वेळी बदलून बघा.

मोजल्यावर वरचा आकडा, खालचा आकडा आणि केक कापल्यावरचा फोटो पाठवा. सरासरी १८० च्या आसपासच आली आणि तरीही केक तडकला, तर मग बॅटरची उंची आणि अंड्यांचा आकार यांकडे बघावं लागेल, आणि ते मी आकडे बघूनच सांगेन.